तळ्यात नवे मासे सोडण्यापूर्वीचे विलगीकरण : किती दिवस, कसे आणि कोणत्या तापमानाला?

परसातले_तळे (नाशिक), २ मार्च

आमच्या घरामागच्या परसात सुमारे ६,००० लिटरचे तळे आहे. गेली नऊ वर्षे त्यात कोई, म्हणजे रंगीत शोभिवंत कार्प मासे, आणि कॉमेट गोल्डफिश सुखाने नांदत होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुकानातून मी चार लहान कोई आणले, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासे थेट तळ्यात सोडले. त्या दिवसांत पाण्याचे तापमान १७ अंशांच्या आसपास होते. पहिले दहा दिवस काहीच वेगळे दिसले नाही. अकराव्या दिवशी सकाळी एक कॉमेट तळाच्या दगडावर कूस घासून झटकन वर येताना दिसला आणि दोन दिवसांत बहुतेक माशांच्या परांवर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटले.

पुढच्या तीन आठवड्यांत १७ पैकी ११ मासे गेले. त्यात आमची सर्वांत जुनी, पाठीवर केशरी पट्टा असलेली कोई होती. ती हातातून वाटाणे खात असे. शेवटचे दोन दिवस ती धबधब्याखाली, जिथे पाणी सर्वांत जास्त फेसाळते तिथे, तोंड वर करून उभी असायची, कल्ले भराभर हलायचे आणि वाटाणा समोरून वाहून गेला तरी तिचे तोंड वळायचे नाही. नऊ वर्षे मी तिला रोज पाहिले होते आणि तिला काय होते आहे ते मला कळत नव्हते, हे अजूनही मनातून जात नाही.

आता सहा मासे उरले आहेत आणि ते वरून तरी धडधाकट दिसतात. नवे मासे आणायचेच असतील तर ते आधी वेगळे ठेवूनच, हे ठरले आहे. माझ्याकडे ३०० लिटरची प्लॅस्टिकची टाकी, हवेचा पंप आणि व्हरांड्यात सावलीची जागा आहे. वाचनात कुठे १५ दिवस सांगितले आहेत, कुठे २१, कुठे सहा आठवडे. यातला कोणता आकडा खरा मानावा, त्या दिवसांत नेमके काय करावे आणि उरलेल्या सहा माशांकडूनच नव्यांना धोका आहे का, या तीन गोष्टी अनुभवी मंडळींनी समजावून सांगाव्यात, अशी विनंती आहे.

कृष्णाकाठ (सांगली), २ मार्च

तुमच्या कोईबद्दल वाचून वाईट वाटले. फेसाळत्या पाण्याखाली उभे राहणे हे कल्ल्यांना इजा झाल्याचे लक्षण असते. अंगावरचे ठिपके आपल्याला दिसतात, पण पुष्कळदा मासा मरतो तो कल्ल्यांवर बसलेल्या परजीवींमुळे, कारण त्याला श्वास पुरेनासा होतो.

दिवसांच्या आकड्यांत एवढी तफावत का दिसते, ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरूनच समजून घेता येईल. या परजीवीचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, आणि हौशी मंडळी त्याला नुसते ‘इक’ म्हणतात. तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली राहून पोसला जातो, म्हणूनच त्या अवस्थेत त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडतो, तळाशी किंवा एखाद्या पानावर चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले तयार करतो. ती पिल्ले पोहत बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ असो वा औषध, ते लागू पडते ते या पोहत्या पिल्लांवर.

आता यात तापमान घाला. पाणी २५ अंशांचे असेल तर हे संपूर्ण चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. १५ अंशांना त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि आणखी गार पाण्यात त्याहून अधिक. म्हणजे तुमचे चार कोई १७ अंशांच्या पाण्यात आले तेव्हा त्यांच्यावर दोन-तीन परजीवीच असतील, तेही कदाचित कल्ल्यांत, डोळ्यांना न दिसणारे. अकराव्या दिवशी जे दिसले ती त्यांची पुढची पिढी होती. तुम्ही तेव्हा सात दिवसांचे विलगीकरण केले असते, तरी सातव्या दिवशी ते मासे निरोगीच दिसले असते.

म्हणून मी कॅलेंडरच्या आधी थर्मामीटर पाहतो. पाणी २२ ते २६ अंशांत असेल तर चार आठवडे ठेवतो. त्याहून गार असेल तर सहा. पाणी ३० अंशांच्या वर गेले असेल तर मात्र त्या दिवसांवर मी फारसा विसंबत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी सहज ३१-३२ अंशांना जाते. तेवढ्या उष्णतेत ‘इक’ची वाढ खुंटते आणि कोईचे काही विषाणूजन्य आजार लक्षणेच दाखवत नाहीत. मासा महिनाभर उत्तम दिसतो, आपण त्याला झाडाखालच्या तळ्यात सोडतो, पावसाळ्यात पाणी २५ अंशांवर उतरते आणि तेव्हा रोग डोके वर काढतो. गारठलेल्या देशांत थंडीमुळे फसगत होते, आपल्याकडे ती उन्हामुळेही होते.

तुमच्या व्हरांड्यातले मार्चचे पाणी त्या दृष्टीने फार चांगले आहे. हे काम एप्रिल सरण्याआधी उरकावे, असे सुचवतो.

गच्चीवरचा_हौद (पुणे), ३ मार्च

मी बारा वर्षांत एकदाही मासे वेगळे ठेवलेले नाहीत. नवीन मासा आणला की त्याला बादलीत मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवतो आणि सोडून देतो. आतापर्यंत दोन-तीन मासे गेले असतील, त्यापलीकडे काही झालेले नाही. लहान टाकीत महिनाभर कोंडून ठेवल्याने माशावर जो ताण येतो, त्यानेच तो आजारी पडतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यावर हा एवढा खटाटोप लादणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली), ३ मार्च

ताणाबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून केलेले विलगीकरण माशाच्या जिवावर उठते. परंतु दहा मिनिटांच्या मिठाच्या पाण्याने त्वचेखाली बसलेला ‘इक’ मरत नाही आणि रक्तात असलेल्या विषाणूला तर त्याचा पत्ताही लागत नाही. त्या आंघोळीने त्वचेवरचे काही जंतू सुटतात, एवढेच तिचे श्रेय.

बारा वर्षे काही झाले नाही याची कारणे निरनिराळी असू शकतात. तुम्ही एकाच विश्वासू माणसाकडून मासे घेत असाल. किंवा तुमच्या जुन्या माशांनी रोग पूर्वी सोसला असेल आणि त्यांच्यात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आली असेल. ‘दोन-तीन मासे गेले’ असे तुम्ही लिहिले आहे. ते नवे होते की जुने, हे आठवून पाहाल का? नव्याने आणलेलेच गेले असतील, तर तुमच्या हौदातच काहीतरी मुरलेले आहे अशी शंका घ्यायला जागा आहे.

नाशिकच्या ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. होय, वाचलेल्या सहा माशांकडून नव्यांना धोका असू शकतो. वाचलेला मासा रोगमुक्तच असतो असे नाही.

गच्चीवरचा_हौद (पुणे), ३ मार्च

आठवून पाहिले. तिन्ही नवेच होते.

मीनाक्षरा (रत्नागिरी), ४ मार्च

मी मत्स्यविज्ञानाचे शिक्षण घेतले आहे आणि काही वर्षे शोभिवंत माशांच्या संवर्धन केंद्रात काम केले आहे. माझ्या पाहण्यात विलगीकरणात जे मासे मरतात त्यांतले बरेचसे रोगाने मरत नाहीत, अमोनियाने मरतात. त्यामुळे मासे आणण्याआधीच्या तयारीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते रुजायला तीन-चार आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच काळात आपण त्यात दमलेले मासे सोडतो. यावर सोपा उपाय असा की दोन साधे स्पंज फिल्टर आजच तुमच्या तळ्यात हवेच्या नळीला जोडून ठेवावेत. महिनाभरात त्यांत जिवाणूंची वस्ती होईल. त्यांतला एक मासे येतील त्या दिवशी टाकीत बसवावा आणि दुसरा तळ्यातच राहू द्यावा, कारण पहिला वाया गेला तर तोच उपयोगी पडतो. तळ्यातून टाकीकडे वस्तू नेता येते. टाकीतली वस्तू मात्र तळ्याकडे कधीही न्यायची नाही. जाळे, बादली, मग, नळी हे सगळे वेगळे ठेवा आणि त्यांना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातले दुसरे कोणीही चुकणार नाही. रोज आधी तळ्याचे काम करावे, मग टाकीचे आणि शेवटी साबणाने हात धुवावेत.

तुमचे पाणी बोअरचे असेल तर त्याचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास असेल. हे मुद्दाम सांगते, कारण २५ अंश तापमानाला सामू सात असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. चाचणीच्या बाटलीत रंग तोच दिसला तरी माशाला होणारा त्रास दहापट असतो. पहिले दोन आठवडे रोज चाचणी करा आणि अमोनिया दिसताच पाव ते तृतीयांश पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर ते हवा सोडून एक दिवस उघडे ठेवा किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे घालून क्लोरिन घालवा. काही जण अमोनिया शोषण्यासाठी झिओलाइट हे खनिज वापरतात आणि त्याच टाकीत मीठही घालतात. तसे कधीही करू नये, कारण मीठ मिळाले की झिओलाइट आधी धरून ठेवलेला अमोनिया पाण्यात परत सोडते.

आता पिशवीविषयी. बंद पिशवीत माशाच्या उच्छ्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया प्रवासात फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर ठेवावी, तापमान जुळले की उघडावी आणि मासे ओल्या हाताने किंवा मऊ जाळ्याने लगेच टाकीत घ्यावेत. उघडी पिशवी तासन्‌तास ठेवून थेंब-थेंब पाणी घालणे हे लांबच्या प्रवासातून आलेल्या माशांना घातक ठरते. पिशवीतले पाणी टाकीतही ओतू नये.

टाकीवर जाळी हवीच. नवे कोई पहिल्या रात्री उडी मारतात, आणि सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडला की पुढचे सगळे नियोजन व्यर्थ जाते. टाकीची निदान एक बाजू झाकून अंधारी करा आणि आत मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा आडोशाला ठेवा. पुण्याच्या दादांनी म्हटलेला ताण एवढ्याने बराच कमी होतो. ३०० लिटरमध्ये बोटभर लांबीचे चार-पाच मासे पुरे. सहावा घेण्याचा मोह टाळा.

परसातले_तळे (नाशिक), ४ मार्च

मीनाक्षराताई, मनापासून आभार. दोन्ही स्पंज आजच तळ्यात बसवले. एक शंका आहे. मासे आले त्या दिवसापासूनच मीठ, पोटॅशियम परमँगनेट आणि जंतनाशक अशी सगळी औषधे ठरलेल्या क्रमाने द्यावीत, असे दुकानदार सांगतात. तसे करणे बरे की नुसते पाहत राहावे?

मीनाक्षरा (रत्नागिरी), ५ मार्च

यावर जाणकारांतही दोन मते आहेत, त्यामुळे मी माझे मत सांगते. मीठ सोडले तर पहिला आठवडा काहीही देऊ नये. मासा दमलेला असतो, त्याच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर जाळ्याने आणि हाताळणीने खरवडला गेलेला असतो आणि त्या थरावरच परमँगनेटचा मारा होतो. गावाकडे विहिरीत टाकतात तेच हे औषध. ते जंतू जाळते तसेच कल्लेही जाळते. लक्षण नसताना चार औषधे एकामागून एक दिली तर रोग अर्धवट दबतो आणि आपल्याला तो आहे की नाही हे कधीच कळत नाही. पाहणे हेच तर या दिवसांचे खरे काम आहे. परमँगनेट आणि फॉर्मॅलिन ही औषधे एकत्र तर कधीच वापरू नयेत, ते माशांना आणि आपल्यालाही धोक्याचे आहे.

मिठाचे प्रमाण लिटरला तीन ग्रॅमपर्यंत ठेवावे. तुमच्या टाकीत ते ९०० ग्रॅम होते. आयोडिन नसलेले खडे मीठ घ्या, ते बादलीत विरघळवून तीन दिवसांत तीन हप्त्यांनी घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही, हे लक्षात असू द्या. नुसते आटलेले पाणी भरताना मीठ घालायचे नाही, पाणी बदलले असेल तर तेवढ्या बदललेल्या पाण्यापुरतेच घालायचे. टाकीत वनस्पती असतील तर त्यांना हे प्रमाण सोसत नाही, त्यामुळे त्या तिथे ठेवूच नका.

पाहायचे कसे, तर खाणे घालण्याआधी पाच मिनिटे टाकीजवळ शांत बसायचे. मासा एकटा कोपऱ्यात राहतो का, पर अंगाला चिकटवून ठेवतो का, एकाच बाजूचा कल्ला हलवतो का, अंग घासतो का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का, हे वहीत लिहून ठेवायचे. आठवड्यातून एकदा प्रत्येक मासा पांढऱ्या टबात घेऊन वरून आणि बाजूने बॅटरीच्या प्रकाशात न्याहाळायचा. ‘लर्निया’, म्हणजे नांगरासारखे डोके माशाच्या मांसात रुतवून राहणारा परजीवी, असेल तर खवल्याखालून हिरवट-पांढरा दोरा लोंबताना दिसतो आणि त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन बारीक पिशव्या असतात. माशाची ऊ, म्हणजे ‘अर्ग्युलस’, दिसायला जास्त अवघड. ती चपटी आणि पारदर्शक असते, मसुरीच्या डाळीहून थोडी लहान-मोठी. खवल्यावरचा डाग समजून आपण तिला सोडून देतो, पण बोटाने हलकेच ढकलले तर तो डाग सरकतो.

कल्ल्यांवरचे आणि त्वचेवरचे कृमी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी त्वचेवरचा थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. शक्य असेल तर माशांचे काम करणाऱ्या पशुवैद्याकडून किंवा मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारून हे करून घ्या. आपल्या राज्यात अशी महाविद्यालये रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथे आहेत.

लीड्सचा_मराठी (इंग्लंड), ६ मार्च

कृष्णाकाठ यांनी विषाणूंचा उल्लेख ओझरता केला, त्याबद्दल थोडे लिहितो, कारण इकडे कोई पाळणाऱ्यांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती त्याचीच आहे. कोई हर्पिस विषाणूच्या साथी १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत ओळखल्या गेल्या. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगौरा सरोवरात पाळलेले कार्प मासे या रोगाने मोठ्या संख्येने मेले. ब्रिटनमध्ये २००७ पासून या रोगाचा संशय आल्यास सरकारी यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. साथ आली की तळ्यातले ८० ते १०० टक्के कोई जाऊ शकतात आणि त्यावर औषध नाही. जे वाचतात ते विषाणू अंगात बाळगून राहू शकतात.

हा रोग साधारण १६ ते २८ अंश तापमानात प्रकट होतो. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च तळ्याचे पाणी सहा-सात अंशांवर असते. त्या पाण्यात तीन महिने वेगळा ठेवलेला मासाही या रोगाबाबत काहीच सांगत नाही. म्हणून मी गॅरेजमधल्या टाकीत हीटर लावून २३ अंशांवर चार आठवडे पुरे करतो. ‘इक’चे चक्रही सात अंशांना पाच आठवड्यांहून अधिक लांबते, तेही यात उरकते. तुम्हाला मार्चमध्ये वीज न जाळता ते तापमान मिळते आहे, त्याचा लाभ घ्या.

मीनाक्षरा (रत्नागिरी), ६ मार्च

यात एक भर घालते. कोईमधला ‘निद्रारोग’, म्हणजे कार्प एडिमा विषाणूचा आजार, भारतात आढळल्याचे २०१६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. त्यात मासे तळाशी कुशीवर पडून राहतात, जाळे लावले की थोडे पोहतात आणि पुन्हा निजतात. नवीन कोई असे निजलेले दिसले, तर ‘प्रवासाने दमले असतील’ असे मानून सोडून देऊ नका. एकाएकी बरेच मासे मेले तर केंद्र सरकारच्या मत्स्य खात्याने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या अ‍ॅपवर कळवण्याची सोय आहे.

वाळ्याचा_पडदा (ठाणे), ८ मार्च

चर्चा कोईंची आहे, पण दोन वाटा मोकळ्याच राहतात असे वाटले, म्हणून लिहितो.

पहिली वाट गप्पी माशांची. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकेचा मलेरिया विभाग गप्पी वाटतो, किंवा आपण शेजारच्या टाकीतून मूठभर आणतो आणि ते इवलेसे मासे कोणी वेगळे ठेवत नाही. ‘इक’ला मासा लहान की मोठा, याने काही फरक पडत नाही. कोईंना लावायचा तोच नियम गप्पींनाही लावावा.

दुसरी वाट पाणवनस्पतींची. कमळाची कुंडी किंवा जलकुंभी माशांच्या दुकानातल्या हौदातून आणली तर तिच्या देठावर उवांची अंडी आणि ‘इक’ची कवचे चिकटून येतात. मी अशा वनस्पती मासे नसलेल्या टबात उन्हात चार आठवडे ठेवतो. यजमान मासाच मिळाला नाही, की अंड्यांतून निघालेली पिल्ले काही दिवसांत उपाशी मरतात. त्या टबात डास होतात, म्हणून वर मच्छरदाणीचे कापड बांधावे लागते. गप्पी सोडून चालत नाही, हे उघडच आहे.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. विलगीकरणात नको वाटलेला मासा नदीत, विहिरीत किंवा धरणात सोडू नका. उजनीच्या जलाशयात ज्याला कोळी बांधव ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात तो काटेरी सकर मासा मुळात काचपेटीतलाच आहे. त्यांची जाळी तो फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही.

गच्चीवरचा_हौद (पुणे), ९ मार्च

एवढे वाचल्यावर मीही एक टाकी मांडायचे ठरवले आहे. एक प्रश्न मात्र सुटत नाही. नवा मासा चार आठवडे निरोगी राहिला, तरी तो विषाणू बाळगून असेल तर तळ्यातल्या माशांना तो सोडल्यावरच बाधणार. मग या चार आठवड्यांचा भरवसा काय?

कृष्णाकाठ (सांगली), १० मार्च

हा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. यासाठी अनुभवी पाळणारे शेवटच्या दोन आठवड्यांत तळ्यातला एक जुना मासा टाकीत आणतात. नव्यांकडे काही असेल तर ते त्या एकट्याला होते, सगळ्या तळ्याला होत नाही. जुन्याकडे काही असेल तर ते नव्यांवर दिसते. नाशिकच्या ताईंच्या तळ्यात रोग होऊन गेला आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे.

यात एक जीव पणाला लागतो आणि ते मनाला खुपते. मी स्वतः दोन वर्षे ते करत नव्हतो. नंतर एकदा तळ्यातले नऊ कोई एका आठवड्यात गेले आणि तेव्हापासून मी जुना मासा आणून ठेवतो. ज्याला हे करवणार नाही त्याने करू नये, पण मग नवे मासे आणण्याची घाईही करू नये. जुना मासा निवडताना गोल्डफिश नको, कोईच हवा, कारण कोईचे विषाणू गोल्डफिशला आजारी पाडतीलच असे नाही.

आणि एक नियम मोडू नका. चार आठवडे चालू असताना मध्येच नवीन मासा टाकीत आला, किंवा रोग दिसून औषध द्यावे लागले, तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

परसातले_तळे (नाशिक), १४ एप्रिल

सर्वांनी एवढे लिहिले, म्हणून काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

तळ्यात पंधरा दिवस राहिलेला स्पंज टाकीत बसवून मी १९ मार्चला चार कोई आणले. महिना भरला नव्हता, पण कडक उन्हाळ्याआधी काम पुरे व्हावे म्हणून तेवढ्यावर भागवले. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अमोनियाची चाचणी दोनदा हिरवी आली आणि दोन्ही वेळा १०० लिटर पाणी बदलले. पाणी २४ अंशांवर होते. मासे सहाव्या दिवसापासून व्यवस्थित खाऊ लागले आणि मला वाटले, आता काळजी नाही.

बाराव्या दिवशी, म्हणजे ३० मार्चला, सर्वांत लहान कोईला पांढऱ्या टबात घेतले. पाठीवरच्या पराच्या मुळाशी एक करडा ठिपका होता. एरवी तो मी रंगाचाच भाग मानला असता. मीनाक्षराताईंनी लिहिलेले आठवले म्हणून बोटाने हलकेच ढकलले, तर तो सरकला. तिच्या अंगावर तशा तीन उवा निघाल्या, दुसऱ्या एका माशावर एक. चिमट्याने काढताना माझा हात इतका थरथरत होता की मुलीने मासा ओल्या फडक्यात धरला आणि काढायचे काम मी केले. टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला, तेव्हा काठाजवळ अंड्यांच्या चिकट ओळी बोटांना लागल्या.

मासे मोठ्या टबात हलवून टाकी ब्लिचिंग पावडरने घासली आणि दोन दिवस कडक उन्हात पालथी ठेवली. तो स्पंज टाकून दिला आणि तळ्यातला दुसरा आणला. ताई, तो दुसरा स्पंज ठेवायला सांगितलात, त्याचे मोल तेव्हा कळले. पशुवैद्यांच्या सल्ल्याने डायफ्लुबेंझुरॉन दिले. त्यांनीच त्वचेचा थर काचपट्टीवर घेऊन पाहिला, त्यात कृमी आढळले नाहीत. हे औषध कवचधारी जीवांची नवी कात बनू देत नाही, त्यामुळे ते पाणी गटारात किंवा ओढ्यात न सोडता मी अंगणाच्या कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत जिरवले. २ एप्रिलपासून दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

आज तेरावा दिवस आहे. पाणी दुपारी २८ अंशांवर जाऊ लागले आहे, म्हणून टाकीभोवती ओले गोणपाट लावले आहे आणि त्याने ते दीड-दोन अंशांनी उतरते. तळ्यातल्या सहांपैकी तीन कोई आहेत. त्यांतला कोणता टाकीत आणायचा, हे दोन दिवस ठरत नव्हते. शेवटी काळ्या पाठीचा मधला कोई निवडला. तो जानेवारीत आजारी पडून वाचला होता, म्हणजे त्याच्याकडे काही शिल्लक असेल तर ते नव्यांवर दिसेल. उद्या सकाळी, पाणी गार असताना, त्याला आणणार आहे.

कृष्णाकाठ (सांगली), १४ एप्रिल

निवड योग्य केलीत. एवढेच सुचवतो की तुमच्या टाकीत मीठ असेल तर ते आज रात्री निम्मे पाणी बदलून कमी करा. मिठामुळे ‘इक’ दबलेला राहिला, तर या दोन आठवड्यांतून कळायचे ते कळणार नाही. तो आणल्यापासून पहिले दहा दिवस रोज सकाळी परांच्या कडा नीट पाहा, ठिपका दिसला तर बहुधा तिथेच आधी दिसेल.

परसातले_तळे (नाशिक), १५ एप्रिल

काल रात्री निम्मे पाणी बदलले. काळ्या पाठीचा सकाळी सहा वाजता टाकीत आला. तासभर तो कुंडीच्या आडोशाला होता. आता चौघे त्याच्याभोवती फिरत आहेत आणि आठ वाजता टाकलेले वाटाणे त्याने खाल्ले. निरीक्षणांच्या वहीचे दुसरे पान आजपासून उघडले आहे, तारीख आणि २५ अंश तापमान वर लिहून.